मराठी आवाजातील इंग्रजी: काय सुधारावे आणि काय राखावे

प्रौढ वयात इंग्रजी बोलायला शिकू पाहणाऱ्या मराठी माणसाला बहुधा दोनच सल्ले मिळतात. एक जण सांगतो की बोलण्यातला मराठीपणा पार पुसून टाका, त्याशिवाय तुम्हाला कोणी विचारणार नाही. दुसरा सांगतो की जसे येते तसे बोला, समोरचा घेईल समजून. गेली सोळा वर्षे एका तालुक्याच्या गावी मी संध्याकाळच्या वर्गात परिचारिका, दुकानदार, बँकेतले कर्मचारी आणि प्राथमिक शिक्षक यांना इंग्रजी बोलायला शिकवते आहे, आणि या दोन्ही सल्ल्यांनी माणसांचे नुकसान झालेले मी जवळून पाहिले आहे. पहिला सल्ला मानणारा हळूहळू गप्प होतो, कारण प्रत्येक शब्दाआधी आपण परके तर वाटत नाही ना, याची तपासणी त्याच्या मनात सुरू होते. दुसरा सल्ला मानणारा बोलत राहतो, पण त्याचे काम अडते आणि ते का अडले हे त्याला कळत नाही.

म्हणून वर्गात मी एकच कसोटी वापरते. आपल्या बोलण्यातल्या ज्या गोष्टीमुळे ऐकणाऱ्याला वेगळाच शब्द ऐकू येतो किंवा वेगळाच अर्थ लागतो, ती गोष्ट मेहनतीने सुधारावी. ज्या गोष्टीमुळे त्याला केवळ आपण कुठले आहोत एवढेच कळते, ती निश्चिंतपणे राखावी. आपण कुठले आहोत हे कळण्यात लपवण्यासारखे काही नाही. पुढचे सगळे विवेचन या कसोटीवरच उभे आहे.

सुरुवात करण्यापूर्वी

इंग्रजी ही आपल्या देशात फार थोड्यांची मातृभाषा आहे, हे आधी ध्यानात घ्यावे. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे सुमारे ८.३ कोटी लोक होते, तर इंग्रजी सांगणारे देशभरात मिळून सुमारे २.६ लाख. याचा अर्थ असा की कार्यालयात, बँकेत किंवा न्यायालयात आपण ज्याच्याशी इंग्रजीत बोलतो, त्यानेही ती भाषा बहुतेक वेळा आपल्यासारखीच शिकून घेतलेली असते. त्याच्या इंग्रजीतही तमिळ, बंगाली किंवा गुजराती घर ऐकू येते.

दुसरी गोष्ट शाळेची. राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. त्याआधी शिकलेल्यांची, म्हणजे आज पस्तिशीच्या पुढे असलेल्या बहुतेकांची, या भाषेशी पहिली ओळख पाचवीत झाली, आणि तीही फळ्यावर आणि वहीत, कानाने नव्हे. देवनागरी वाचणाऱ्याला जे लिहिले आहे ते उच्चारायचे, अशी सवय लहानपणापासून असते. ती सवय घेऊनच आपण इंग्रजी स्पेलिंगकडे गेलो आणि लिहिलेले प्रत्येक अक्षर मनापासून वाचले. ‘डाउट’मधला न उच्चारायचा ‘बी’ कोणी उच्चारला, तर त्यात बुद्धीचा दोष नाही, लिपीचा संस्कार आहे.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. उच्चारावरून माणसाची किंमत करण्याची वाईट सवय आपल्याकडे इंग्रजीमुळे आलेली नाही. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला मराठीच्याच तासाला हसणारे वर्ग आपण सर्वांनी पाहिले आहेत. माझ्या वर्गात जे सर्वांत अवघडून बसतात, ते बहुतेक वेळा लहानपणी मराठीसाठी हसू झेललेले असतात. इंग्रजी बोलताना त्यांना तेच हसू पुन्हा ऐकू येते. अशा माणसाने उच्चारांच्या सरावाआधी पंधरा दिवस फक्त बोलावे, कोणाकडूनही दुरुस्ती करून घेऊ नये, आणि शिकवणाऱ्यानेही तेवढे दिवस आपली जीभ आवरावी. हा नियम मी माझ्या चुकीतून शिकले. एका मुलाला पहिल्याच दिवशी तीनदा थांबवले होते, तो चौथ्या दिवसापासून आला नाही.

आपली यादी आपण करावी

मोबाइलवर पाच मिनिटे स्वतःचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. विषय रोजच्या कामाचा असावा: आज दुकानात काय घडले, वॉर्डात किती रुग्ण होते, परगावचा माल का आला नाही. पाठ केलेले भाषण घेऊ नये, कारण त्यात आपल्या खऱ्या सवयी दिसत नाहीत. मग ते तीन वेळा ऐकावे. पहिल्यांदा काहीही न लिहिता, स्वतःच्या आवाजाची सवय होण्यासाठी. बहुतेकांना हा पहिला टप्पाच सर्वांत जड जातो. दुसऱ्यांदा वहीत डावीकडे ते शब्द लिहावेत, जे अनोळखी माणसाला कळणार नाहीत असे वाटते. तिसऱ्यांदा उजवीकडे ते लिहावेत, जे कळतील पण मराठी वाटतील.

जमल्यास तेच ध्वनिमुद्रण एखाद्या अमराठी सहकाऱ्याला ऐकवावे आणि ‘माझे इंग्रजी कसे आहे?’ असे न विचारता ‘मी काय सांगितले ते सांग’ असे म्हणावे. जिथे त्याचे सांगणे चुकेल, तिथे आपली डावी यादी. माझ्या अनुभवात ही यादी लोकांना वाटते त्याच्या पाव हिश्श्याची निघते.

उच्चार: कष्ट कोठे करावेत

पहिला क्रमांक स्वरांचा. मराठीत ‘ए’ एकच आहे, त्यामुळे लिहायचे साधन आणि वेदना हे दोन्ही इंग्रजी शब्द आपण ‘पेन’ असेच लिहितो आणि तसेच उच्चारतो. माझ्या वर्गातल्या एका परिचारिकेने परराज्यातल्या डॉक्टरांना रुग्णाच्या पोटात ‘पेन’ आहे असे फोनवर सांगितले, तेव्हा त्यांनी दोनदा विचारले, आणि तिसऱ्यांदा तिने घाबरून दुसरेच वाक्य जुळवले. उपाय सोपा आहे. लेखणीचा ‘पेन’ तोडून, आखूड म्हणावा. वेदनेचा शब्द ‘ए’वर सुरू करून ‘ई’कडे घसरवावा, ‘पेइन’ असा. ‘सेल’ या शब्दाच्या दोन अर्थांचे, म्हणजे विक्री आणि पेशी यांचे, तसेच. ‘शिप’ आणि ‘शीप’, ‘फिल’ आणि ‘फील’ या जोड्यांतही आपण गडबडतो. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद लेखनात काटेकोर असला, तरी बोलताना तो बराच सैल असतो. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार तर नियमानेच दीर्घ लिहितो. म्हणून कानाने हा भेद पुन्हा शिकावा लागतो. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांची मात्र काळजी नको. ‘बॅट’ आणि ‘कॉट’ लिहिता यावे म्हणून मराठीने स्वतःच्या लिपीत या खुणा घडवून घेतल्या, आणि आता त्या आपल्याच आहेत.

यानंतर ‘झ’. उर्दूचा संस्कार नसलेल्या अनेक भारतीयांना हा इंग्रजी आवाज कष्टाने शिकावा लागतो, पण मराठी माणसाच्या तोंडात त्याच्या अगदी शेजारचा आवाज जन्मापासून असतो. ‘माझा’ म्हणून पाहावे: जिभेचे टोक वरच्या दातांच्या मुळाशी जाते. आता ‘माझी’ म्हणावे: जीभ मागे सरकते आणि ‘झ’ बदलतो. ‘इ’, ‘ई’ किंवा ‘ए’ पुढे आला की असे होते, आणि त्यामुळेच ‘झू’ नीट म्हणणारा माणूस ‘झिरो’ आणि ‘इझी’ला अडखळतो. सराव असा करावा: ‘माझा’ म्हणता म्हणता ‘झ’वर थांबावे, जीभ हलू न देता तिथेच माशी गुणगुणल्यासारखा आवाज लांबवावा आणि मग त्यालाच ‘ई’ जोडावा. वर्गात वीस माणसे एकदम हे करतात तेव्हा मधमाश्यांचे मोहोळ उठल्यासारखे वाटते, आणि साधारण दहाव्या मिनिटाला बहुतेकांचा ‘झिरो’ जुळतो. परका आवाज बाहेरून आणावा लागत नाही, तो ‘माझा’मध्येच सापडतो, याचा आनंद मला दर वर्षी नव्याने होतो.

‘व’ची गोष्ट अशीच. इंग्रजीत दोन आवाज आहेत आणि आपल्या बोलण्यात एकच, पण मराठी लेखनाने हा भेद बराचसा सांभाळला आहे: ‘वॉच’ला नुसता ‘व’, ‘व्हॅन’ला ‘व्ह’. पहिल्यासाठी ओठ ‘ओ’सारखे गोल करावेत, दातांचा स्पर्श नको. दुसऱ्यासाठी वरचे दात खालच्या ओठाला टेकवून हवा घासू द्यावी. ‘व्हाय’, ‘व्हॉट’ अशा प्रश्नार्थक शब्दांत आपण स्पेलिंग पाहून ‘व्ह’ लिहितो, तिथे मात्र ओठ गोलच हवेत, एवढा अपवाद लक्षात ठेवावा.

परदेशी माणसांशी फोनवर बोलायचे असेल, तर आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. आपण ‘पॅक’ म्हणतो तेव्हा इंग्लंड-अमेरिकेतल्या कानाला तो कधीकधी ‘बॅक’ वाटतो, ‘टाउन’चा ‘डाउन’ होतो आणि ‘कोट’चा ‘गोट’. कारण असे की शब्दारंभीचे हे आवाज ते लोक हवेच्या झोतासह काढतात. हा झोत मराठीला अपरिचित नाही. ‘क’ आणि ‘ख’मधला फरक म्हणजे तोच. वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी ओठांसमोर धरून ‘काल’ म्हणावे, पट्टी जवळपास स्थिर राहते. ‘खाल’ म्हणावे, ती हलते. इंग्रजी ‘कॅट’ म्हणताना तिने थोडे हलायला हवे. ‘स’नंतर मात्र, म्हणजे ‘स्पीक’, ‘स्टेशन’, ‘स्कूल’ यांत, झोत नसतो आणि तिथे आपला मराठी ‘प’, ‘ट’, ‘क’ आहे तसा चालतो. ज्यांचे ऐकणारे भारतातच आहेत, त्यांनी हा सराव सोडून दिला तरी काही बिघडत नाही.

सर्वांत जास्त वेळ मात्र शब्दाघाताला द्यावा. मराठीत शब्दाच्या कोणत्या भागावर जोर पडतो त्याने अर्थ बदलत नाही, म्हणून आपण सगळी अक्षरे सारख्या इमानाने उच्चारतो. इंग्रजी ऐकणारा मात्र शब्द ओळखतो तो जोरावरून. ‘हॉटेल’चा जोर दुसऱ्या भागावर, ‘डेव्हलप’चाही दुसऱ्यावर. ‘फोटोग्राफ’चा पहिल्यावर, ‘फोटोग्राफर’चा दुसऱ्यावर आणि ‘फोटोग्राफिक’चा तिसऱ्यावर. जोर जिथे नाही तिथला स्वर विझून आपल्या ‘अ’सारखा होतो. शब्द म्हणताना टेबलावर बोटाने ठेका धरावा, जोराच्या ठिकाणी तळहात मारावा. भजनात टाळ धरलेल्यांना हे चटकन जमते. माझ्या वर्गातल्या एका वारकरी दुकानदाराने साठाव्या वर्षी हा भाग सर्वांच्या आधी आत्मसात केला. रोज पाच शब्द, ते स्वतःच्या कामातले, एवढे पुरे.

आता राखायच्या गोष्टी. आपला ‘ट’ आणि ‘ड’ जीभ वळवून येतो, राहू द्यावा. ‘थिंक’मध्ये आपण मराठी ‘थ’ वापरतो. ‘थ्री’ आणि ‘ट्री’ त्यामुळे वेगळे राहतातच. ‘कार’, ‘वर्क’ यांतला ‘र’ आपण स्पष्ट म्हणतो. दक्षिण इंग्लंडमध्ये तो गिळतात, पण स्कॉटलंड, आयर्लंड आणि अमेरिकेचा बराच भाग तो म्हणतोच. बोलण्याची चालही मराठीच असू द्यावी. या सगळ्यातून फक्त आपला पत्ता कळतो.

वाक्यरचना: खाली कोणते मराठी वाक्य आहे ते पाहावे

चुकीच्या इंग्रजी वाक्यावर काट मारून बरोबर वाक्य लिहिल्याने फारसे साधत नाही. त्या वाक्याखाली जे शुद्ध मराठी वाक्य दडलेले असते ते शोधावे, म्हणजे चूक का झाली ते कळते आणि लाज जाते. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ या वाक्यामागे मराठीचे ‘आहे’ आहे. आपले हे एकच क्रियापद असणे, जवळ असणे आणि चालू असणे अशी तिन्ही कामे करते: तो शिक्षक आहे, मला दोन भाऊ आहेत, मी जेवत आहे. इंग्रजीत ही कामे वाटून दिलेली आहेत. भाऊ असणे ही काही चालू क्रिया नव्हे, म्हणून तिथे नुसते ‘हॅव’.

‘आय ॲम स्टेइंग हिअर सिन्स टेन इयर्स’ यामागे ‘मी दहा वर्षांपासून इथे राहत आहे’ हे निर्दोष वाक्य आहे. आपला ‘पासून’ कालावधीलाही चालतो आणि आरंभबिंदूलाही. इंग्रजी ‘सिन्स’ फक्त आरंभबिंदूला, कालावधीला ‘फॉर’. ‘ही केम यस्टर्डे ओन्ली’ यामागे ‘तो कालच आला’ आहे. हा ‘च’ आपल्या भाषेतला फार मोलाचा प्रत्यय आहे, एका अक्षरात तो सगळा भर देतो, आणि तो सोडवत नाही म्हणूनच ‘ओन्ली’ येतो. मित्रांत बोलताना हा ‘ओन्ली’ मी कधीच खोडत नाही. अर्जात, अहवालात किंवा परदेशी ग्राहकाला लिहिताना तो काढावा, कारण तिथे त्याचा अर्थ ‘फक्त’ असा लागतो.

एक चूक मात्र तातडीने सुधारण्यासारखी आहे. ‘तुम्हाला चहा नको का?’ या प्रश्नाला आपण ‘हो, नको’ असे उत्तर देतो. म्हणजे तुमचे म्हणणे बरोबर आहे, मला नको. इंग्रजीत नकारार्थी प्रश्नाला नुसते ‘येस’ म्हटले तर ते गोंधळात टाकते, आणि बरेच जण ‘हवा आहे’ असा अर्थ घेतात. चहाचे ठीक आहे. दवाखान्यात ‘तुम्ही काही खाल्लेले नाही ना?’ या प्रश्नाला शस्त्रक्रियेपूर्वी दिलेले ‘येस’ किती घोटाळा करेल याचा विचार करावा. अशा प्रश्नाला कधीही एका शब्दात उत्तर देऊ नये. पूर्ण वाक्य बोलावे: मी काही खाल्लेले नाही.

आदर कोठे ठेवायचा

मराठी माणूस इंग्रजीत उद्धट वाटतो अशी तक्रार मी अनेकदा ऐकली आहे, आणि ती करणाऱ्यांना आपली भाषा कळलेली नसते. आपला आदर क्रियापदात असतो. ‘जरा ती फाइल द्या’ या वाक्यात ‘द्या’ने मान दिला, ‘जरा’ने विनंती केली. हेच वाक्य शब्दाला शब्द लावून ‘गिव्ह मी दॅट फाइल’ असे नेले, की मान आणि विनंती दोन्ही वाटेतच गळतात, कारण ते ठेवायला इंग्रजी क्रियापदात जागाच नाही. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ तिघेही ‘यू’मध्ये जाऊन बसतात. म्हणून ज्या ज्या ठिकाणी मराठीत ‘द्या’, ‘सांगाल का’, ‘जरा’ आले असते, त्या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत ‘कुड यू’ किंवा ‘वुड यू माइंड’ ठेवावे. हे शब्द मराठी आदराचे इंग्रजी पात्र आहेत असे समजावे.

‘थँक यू’बद्दलही अनेकांना अवघडल्यासारखे होते. आपल्या घरात आईने ताट वाढले म्हणून कोणी आभार मानत नाही. मानले तर ती दुखावेल, कारण आभार मानणे म्हणजे परके करणे. इंग्रजीत ते न म्हणणे परकेपणाचे ठरते. म्हणून इंग्रजी बोलताना ते मोकळेपणाने म्हणावे आणि घरी आईला म्हणू नये. दोन्ही ठिकाणी आपण तिथल्या रीतीने प्रेमानेच वागत असतो.

वरिष्ठांना नुसत्या नावाने हाक मारण्याचे ओझे वाटत असेल, तर ‘आपल्याला काय म्हणू?’ असे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे. इंग्रजीत नावाने बोलावले आणि त्याच व्यक्तीशी मराठीत बोलताना ‘अहो’ आणि ‘सर’ कायम ठेवले, तर त्यात विसंगती काही नाही. पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत असंख्य माणसे रोज तसेच बोलतात.

नाव आणि न बदलायचे शब्द

आपले नाव हा आपल्या इंग्रजीतला पहिला शब्द असतो आणि तो मराठी असतो. त्यामुळे ते आपण मराठी उच्चारानेच सांगावे. समोरच्याला जमावे म्हणून स्वतःच ‘काळे’चे ‘काले’ किंवा ‘ज्ञानेश्वर’चे ‘ग्यानेश्वर’ करून सांगण्याची घाई करू नये. रोमन लिपीत ‘ळ’ला स्वतंत्र अक्षर नाही, तो ‘एल’ने लिहितात, म्हणून स्पेलिंग सांगताना उच्चार वेगळा म्हणून दाखवावा. ‘ज्ञ’ आपण ‘डी-एन-वाय’ लिहितो, उत्तरेकडे ‘जी-वाय’ लिहितात. केवळ या अक्षरांवरून नाव मराठी असल्याचे ओळखू येते. समोरच्याने दोनदा प्रयत्न करूनही ‘ळ’ जमला नाही, तर हसून त्याचा ‘ल’ स्वीकारावा, कारण त्याने प्रयत्न केला आहे. नाव लहान करायचे की नाही, हे मात्र आपणच ठरवावे. दुसऱ्याने सोयीसाठी बहाल केलेले टोपणनाव पहिल्याच दिवशी नम्रपणे नाकारता येते, सहा महिन्यांनी ते कठीण जाते.

काही शब्दांना इंग्रजीत जागा नाही, तिथे मूळ शब्दच वापरावा. आत्या, मावशी, काकू, मामी यांना एकाच ‘आंटी’मध्ये कोंबले, की वडिलांची बहीण आणि आईची बहीण यांतला सगळा फरक जातो. माहेर म्हणजे नुसते आईवडिलांचे घर नव्हे. उष्टे हे नुसते उरलेले अन्न नव्हे. पद्धत अशी: शब्द मराठीत म्हणावा, एका छोट्या इंग्रजी वाक्यात त्याचा अर्थ सांगावा आणि मग पुढे तो शब्द न थांबता वापरत राहावे. दुसऱ्यांदा अर्थ सांगू नये, आवाज खाली आणू नये. ऐकणारा तिसऱ्या खेपेला तो शब्द स्वतः वापरू लागतो. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांचीही काळजी घ्यावी. इंग्रजी ‘वी’मध्ये ऐकणारा धरला आहे की वगळला आहे ते कळत नाही, आणि ‘वी विल गो टुमारो’ असे म्हटल्यावर समोरचा बॅग भरून तयार राहू शकतो. तिथे ‘यू अँड आय’ किंवा ‘माय फॅमिली अँड आय’ असे सरळ सांगावे.

दोन रकाने

शेवटचा सराव माझा नाही, जुना आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा त्याच्या पानावर दोन रकाने होते: एक इंग्रजी, एक मराठी. कोकणातल्या पोंभुर्ल्याहून आलेल्या या तरुणाने दोन्ही भाषा शेजारी बसवल्या, एकीला दुसरीच्या खाली ठेवले नाही. पुढे इंग्रजीला ‘वाघिणीचे दूध’ म्हणण्याची रीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावाने रूढ झाली, पण त्याआधी, १८५४ सालच्या आपल्या कवितासंग्रहात, सावित्रीबाई फुले यांनी इंग्रजीला माउली म्हटले होते. ज्यांना शाळेचे दारच बंद होते त्यांच्यासाठी लढणाऱ्या स्त्रीने हा शब्द निवडला, हे इंग्रजीकडे केवळ परक्यांची भाषा म्हणून पाहणाऱ्यांनी विसरू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० साली ‘मूकनायक’ मराठीत काढले आणि रुपयाच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ १९२३ साली लंडनहून इंग्रजीत प्रसिद्ध केला. वाचक कोण आहे ते पाहून त्यांनी भाषा निवडली, आणि दोन्हीकडे माणूस तोच राहिला.

आपण हे असे करावे. वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढावी. डावीकडे आज घडलेली एक गोष्ट आठ-दहा ओळींत मराठीत लिहावी, आणि तिच्यात एकही इंग्रजी क्रियापद येऊ देऊ नये. ‘मॅनेज केले’, ‘अटेंड केले’ असे काही नाही. हे पहिल्या आठवड्यात इंग्रजी लिहिण्याइतकेच अवघड जाते, आणि जाऊ द्यावे. उजवीकडे तीच गोष्ट इंग्रजीत लिहावी, मात्र डावीकडे न पाहता, जणू ती एखाद्या बंगाली सहकाऱ्याला नव्याने सांगायची आहे. मग दोन्ही रकाने मोठ्याने वाचावेत. उजव्या रकान्यात मराठी वाक्याची सावली कोठे पडली आणि डाव्या रकान्यात इंग्रजी वाक्याची कोठे पडली, ते दोन रंगांच्या पेनांनी खूण करून ठेवावे. ही दुसरी खूण पहिलीपेक्षा जास्त महत्त्वाची मानावी. ‘मी तुमच्याकडे परत येतो’ असे फोनवर म्हणणारा माणूस प्रत्यक्षात कोठेही येणार नसतो, त्याला ‘विचारून कळवतो’ असे म्हणायचे असते.

आठवड्यातून तीन पाने पुरतात. महिन्याच्या शेवटी पहिल्या दिवसाचे ध्वनिमुद्रण आणि नवे ध्वनिमुद्रण पाठोपाठ ऐकावे, डावी यादी नव्याने करावी आणि जे शब्द तिच्यातून गेले त्यांवर रेघ मारावी. उजव्या यादीला हात लावू नये. जुने ध्वनिमुद्रण पुसू नये. माझ्याकडे आलेल्या त्या परिचारिकेने तिचे अजून जपून ठेवले आहे, आणि नव्याने वर्गात आलेल्यांना ती ते स्वतः ऐकवते.